दिवसभर राबूनही रेटिंग 'अपेक्षेप्रमाणे'च: बिघाड कुठे शोधायचा

लक्षणं

खालच्यापैकी तीन-चार जुळली तर पुढे वाचा.

- सलग दोन-तीन वर्षं अप्रेझलमध्ये, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनात, रेटिंग 'अपेक्षेप्रमाणे'. बॉस नावं ठेवत नाही, पण नाव पुढेही करत नाही.
- संध्याकाळी घरून "आज काय केलंस?" असं विचारलं तर सांगण्यासारखं एक धड वाक्य सुचत नाही. खुर्ची मात्र सकाळपासून सुटलेली नसते.
- काही अडलं की सगळे तुमच्याकडे येतात, पण नव्या प्रोजेक्टच्या पहिल्या मीटिंगला तुम्हाला कोणी बोलावत नाही.
- तुम्ही शिकवलेला मुलगा तुमच्या पुढे गेला.
- सेल्फ अप्रेझलचा फॉर्म भरताना दिवाळीच्या आधीचं काहीच आठवत नाही.

एक लक्षण मुद्दाम यादीत घेतलेलं नाही. रविवारी दुपारपासूनच धडधडायला लागणं, झोप उडणं, जेवण न जाणं. ते असेल तर बाकीचं राहू द्या, थेट शेवटच्या भागाकडे जा.

हिंजवडीत इंजिनिअरिंग सर्व्हिसेसच्या टीम सांभाळते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये अप्रेझलची पत्रं वाटली गेली की ही तक्रार माझ्याकडे हमखास येते, कधी टीममधून, कधी नात्यातून, कधी सोसायटीतल्या मुलांकडून. चाकणला प्लांटमध्ये असलेला भाचा आणि खराडीत बँकेच्या बॅक ऑफिसला असलेली शेजारीण यांचं दुखणं तंतोतंत एक निघालं. या माणसांची मेहनत कमी पडते असं मला क्वचितच दिसलं. पैसे रोज भरायचे पण खाते क्रमांक दुसऱ्याचाच लिहायचा, तसं काहीसं होत असतं. म्हणून तपासणी 'अजून किती राबायचं' इथून सुरू करायची नाही. राबलेलं कुठे जमा होतंय, तिथून करायची.

खालच्या सात पायऱ्यांचा क्रम मोडू नका. बहुतेक जण पहिल्या दिवशी सातव्या पायरीवर उडी मारतात, म्हणजे नोकरीच्या साइटवर प्रोफाइल अपडेट करतात. मग नव्या कंपनीत दीड वर्षाने तीच लक्षणं घेऊन परत येतात.

१. केआरए उघडून वाचा (फुकट, अर्धा तास)

वर्षाच्या सुरुवातीला सिस्टिममध्ये केआरए, म्हणजे तुमच्या कामाची वर्षभराची उद्दिष्टं, भरलेली असतात. ती भरताना आपण मागच्या वर्षीची कॉपी-पेस्ट करतो, 'सबमिट' दाबतो आणि फेब्रुवारीपर्यंत तोंड बघत नाही. ती आत्ता उघडा. शेजारी मागच्या दोन आठवड्यांचं कॅलेंडर ठेवा. प्रत्येक मीटिंग आणि प्रत्येक मोठं काम कोणत्या उद्दिष्टाखाली येतं ते लिहा. कशाखालीच न येणाऱ्या कामापुढे फुली मारा.

एका डिझाइन इंजिनिअर मुलीबरोबर हे केलं होतं. तिच्या केआरएत तीन ओळी होत्या: ड्रॉइंगमधल्या चुका कमी करणं, एका नव्या असेंब्लीची पूर्ण जबाबदारी घेणं आणि दोन ज्युनिअर तयार करणं. कॅलेंडरमध्ये काय दिसलं? रोज सकाळी सगळ्या टीमकडून स्टेटस गोळा करून एका एक्सेलमध्ये भरणं. दुपारी तीच एक्सेल पीपीटीत चिकटवणं. कोणी सुट्टीवर गेलं की त्याचं काम निस्तरणं. पानभर फुल्या झाल्या. ती बघत राहिली आणि म्हणाली, "मॅम, हे तर मला कोणी करायला सांगितलंच नव्हतं. मी एकदा केलं आणि ते माझंच झालं."

ही तपासणी पहिली ठेवण्याचं कारण असं की केआरएच चुकीचे असतील तर पुढचं सगळं व्यर्थ. काही वेळा उलटंही दिसतं: काम बरोबर चाललेलं असतं, पण केआरए दोन वर्षांपूर्वीच्या, बंद पडलेल्या प्रोजेक्टचे असतात. तसं असेल तर आजच मेल टाकून ते बदलून घ्या. वर्षाच्या मध्यात बदल करायची सोय बहुतेक कंपन्यांत असते, ती कोणी वापरत नाही एवढंच.

२. एक आठवडा वेळेची नोंद (एक वही)

सोमवार ते शुक्रवार, दर अर्ध्या तासाला एक ओळ. ॲप नको, वही बरी. ॲपमध्ये रंग आणि लेबलं ठरवण्यातच बुधवार उजाडतो. नोंद लगेच करायची, संध्याकाळी आठवून नाही. संध्याकाळी आपल्याला सगळा दिवस कामाचाच वाटतो.

शुक्रवारी दोन गोष्टी बघा. सलग दीड तास कोणी न छेडता काम झालं असा तुकडा आठवड्यात किती वेळा आला? आणि तो दिवसाच्या कोणत्या भागात आला?

पुण्यातल्या आयटी आणि इंजिनिअरिंगवाल्यांसाठी याचं उत्तर पुष्कळदा घड्याळातच असतं. जर्मनीतला क्लायंट सकाळी आठला ऑफिसात येतो तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ बदलतात, त्यामुळे हा एका तासाचा फरक पडतो. इंग्लंडच्या सकाळी नऊला आपल्याकडे हिवाळ्यात अडीच, उन्हाळ्यात दीड. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे सकाळी नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात किंवा साडेसहा. म्हणजे युरोप-अमेरिकेसाठी काम करणाऱ्या प्रत्येकाला सकाळी निदान दोन-अडीच तास असे मिळतात की तिकडचं कोणी ऑफिसात नसतं. आणि आपण ते तास कशात घालवतो? भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये, मग मेल चाळण्यात, मग 'चला चहा घेऊन येऊ'त. क्लायंट ऑफिसात येतो तेव्हा आपण खऱ्या कामाला हात घालतो आणि मग रात्री नऊपर्यंत पिंग, कॉल, पिंग.

जपानसाठी काम करणाऱ्यांनी हे उलटं वाचावं. टोकियोत संध्याकाळचे सहा होतात तेव्हा इथे दुपारचे अडीच असतात. त्यांची शांत वेळ जेवणानंतरची.

तुमचा शांत तुकडा सापडला की तो कॅलेंडरमध्ये रोजचा अडवून ठेवा आणि त्यात फक्त केआरएतलं काम करा. मेल नंतर. सकाळी सातला निघून आठला पोचणं ज्यांना जमतं त्यांचा प्रवासही वाचतो. लहान मुलं घरी असलेल्यांना ते जमत नाही हे मला माहीत आहे. त्यांनी आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळत असेल तर ते दोन दिवस तरी या तुकड्यासाठी राखावेत, कॉलसाठी नव्हे.

३. शुक्रवारचा मेल (दहा मिनिटं)

बहुतेकांचा बिघाड इथे पकडला जातो, म्हणून जरा सविस्तर.

मोठ्या कंपन्यांत तुमचं रेटिंग तुमचा बॉस एकटा ठरवत नाही. सगळे मॅनेजर एका खोलीत बसतात, समोर स्क्रीनवर नावांची यादी असते आणि वरच्या रेटिंगच्या जागा मोजक्या असतात. प्रत्येक नावावर दोन-चार मिनिटं. तुमच्या नावाशी आल्यावर पलीकडचा मॅनेजर विचारतो, "हिने नक्की काय केलं?" तेव्हा तुमच्या बॉसच्या तोंडी दोन ठोस वाक्यं हवीत. 'खूप सिन्सिअर आहे, कधी नाही म्हणत नाही' हे वाक्य आलं की समजा, जागा गेली. असं वाक्य ज्याच्याबद्दल दुसरं काही आठवत नाही त्याच्याबद्दल बोललं जातं. मी त्या खोलीत बसते म्हणून सांगते.

ती दोन वाक्यं बॉसला कोण देणार? आपल्याकडे 'काम बोलतं' असं लहानपणापासून शिकवलेलं असतं. स्वतःचं सांगणं म्हणजे टिमकी वाजवणं. मराठी घरातल्या मुलांत हा संकोच जरा जास्तच. त्यावर उपाय म्हणजे कोरडी नोंद. दर शुक्रवारी बॉसला पाच ओळींचा मेल: काय पूर्ण झालं, त्याने कोणाचं काय सुटलं, काय अडलंय, पुढच्या आठवड्यात काय, आणि तुमच्याकडून काय हवं. विशेषणं नकोत. 'मेहनतीने', 'यशस्वीरीत्या' असले शब्द खोडा.

वाक्य कसं लिहायचं ते बघा. एका मुलाने फॉर्ममध्ये लिहिलं होतं:

"साप्ताहिक रिपोर्टिंगची जबाबदारी उत्तमरीत्या सांभाळली."

आम्ही बसून ते असं केलं:

"दर सोमवारी तीन तास खाणारा रिपोर्ट मॅक्रो लिहून वीस मिनिटांवर आणला. आता तो टीममधला कोणीही काढू शकतो. दोन वेळा माझ्या सुट्टीत तो माझ्याशिवाय गेला."

काम तेच होतं. पहिल्या वाक्यात तो कारकून दिसतो, दुसऱ्यात पुढच्या लेव्हलचा माणूस. शेवटचा तुकडा, 'माझ्याशिवाय गेला', त्याला खोडायचा होता. म्हणाला, "मग माझी गरज काय उरली?" हीच भीती माणसाला त्याच खुर्चीत ठेवते. तुमच्याशिवाय अडणारं काम तुमच्याकडेच राहतं आणि त्याबरोबर तुम्हीही.

मेलला उत्तर येईलच असं नाही. नाही आलं तरी पाठवत राहा. फेब्रुवारीत फॉर्म उघडाल तेव्हा हेच मेल सर्च करून समोर ठेवायचे. दिवाळीच्या आधीचं आठवायची गरजच पडत नाही.

४. अंगावर घेतलेली कामं उतरवा

पहिल्या तपासणीत फुल्या मारलेली कामं आता काढायची. सरळ 'नाही' म्हणायला आपल्याला जमत नाही आणि बहुतेक वेळा ते योग्यही नसतं. दोन पद्धती चालतात.

वरून आलेल्या कामासाठी: "सर, हे घेतो. सध्या माझ्याकडे अमुक आणि तमुक आहे. यातलं कोणतं पुढच्या आठवड्यावर ढकलू?" निवड बॉसने करायची. अर्ध्या वेळा उत्तर येतं, "अच्छा, तुझ्याकडे तेही आहे का? मग राहू दे, दुसऱ्याला देतो." तुमच्या ताटात काय आहे हे त्यांना खरंच माहीत नसतं.

शेजारून आलेल्या कामासाठी, म्हणजे 'अरे जरा बघ ना, दोन मिनिटांचं काम आहे' यासाठी: "चारनंतर ये, सोबत बसून करू." सोबत बसून, म्हणजे कीबोर्ड त्याच्या हातात. तिसऱ्यांदा तो येत नाही. कधी शिकलेला असतो, कधी कंटाळलेला.

कँटीनचे कूपन, वाढदिवसाचे केक, टीम आउटिंगची वर्गणी ही कामं बघा कोणाच्या गळ्यात आहेत. बहुतेक टीममध्ये ती मुलींच्या गळ्यात असतात आणि केआरएत कुठेच नसतात. आळीपाळी लावा. यावर वाद घालायला मी तयार आहे.

५. बॉसशी बोलणं, पण योग्य महिन्यात

पत्र हातात आल्यावर भांडून रेटिंग बदललेलं मी फारच कमी पाहिलंय. तोवर बजेट वाटून झालेलं असतं. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असलेल्या कंपनीत प्रमोशनची नावं जानेवारी-फेब्रुवारीतच वर जातात. म्हणजे बोलायची वेळ दिवाळीच्या आसपासची. कॅलेंडर वर्षाने चालणाऱ्या परदेशी कंपनीत असाल तर गणेशोत्सवाच्या सुमाराला.

"मला हाइक हवी" असं म्हणू नका. "पुढच्या लेव्हलला माझं नाव द्यायचं झालं तर तुम्हाला माझ्यात आत्ता काय कमी दिसतं?" असं विचारा आणि गप्प बसा. उत्तर लगेच येणार नाही. मधली शांतता भरून काढायचा मोह होतो, तो आवरा. जे उत्तर येईल ते त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा: "आज ठरल्याप्रमाणे या दोन गोष्टींवर काम करते, जानेवारीत पुन्हा बोलू."

उत्तर ठोस आलं तर सहाव्या पायरीकडे जा. "करत राहा, होईल" एवढंच आलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच आलं, तर बिघाड तुमच्यात नसण्याची शक्यता मोठी. मग सातवी.

६. कौशल्य (खर्च आणि महिने)

इथवर येईपर्यंत बऱ्याच जणांचं काम झालेलं असतं. राहिलेल्यांसाठी: ऑनलाइन कोर्सची सर्टिफिकेटं गोळा करणं थांबवा. तुम्हाला हव्या असलेल्या पुढच्या पदाच्या दहा जाहिराती काढा आणि त्यांत वारंवार येणारी, पण तुमच्याकडे नसलेली एकच गोष्ट निवडा. एकच. ती शिकताना चालू प्रोजेक्टमध्ये लगेच कुठे वापरता येईल ते आधी ठरवा, नाहीतर दोन महिन्यांत सगळं विसरतं.

पुण्यात एक रस्ता इतर शहरांपेक्षा सोपा आहे, तो परकीय भाषेचा. जर्मन आणि जपानी कंपन्यांशी बांधलेलं काम इथे भरपूर. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन आहे. पण हिशोब आधी समजून घ्या. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत एन-५ सर्वांत सोपी आणि एन-१ सर्वांत कठीण. एन-५वर क्लायंटला नमस्कार करता येतो, मीटिंग चालवता येत नाही. ती चालवण्याइतकी भाषा यायला वर्षं लागतात. तेवढी तयारी असेल तरच पैसे भरा.

मराठी माध्यमातून आलेल्यांचा अडसर पुष्कळदा इंग्रजी बोलण्याचा असतो. व्याकरण यांचं बरं असतं, कॉलवर पहिलं वाक्य काढायलाच धीर होत नाही. त्यावर मी एकच गोष्ट करायला लावते: प्रत्येक कॉलमध्ये पहिल्या पाच मिनिटांत एकदा बोलायचं. आधी लिहून ठेवलेला प्रश्न वाचला तरी चालेल. पाच मिनिटं गप्प गेली की पुढचा तासही गप्पच जातो.

७. टीम बदला, मग कंपनी

आधी कंपनीतच दुसरी टीम बघा. तुमची पत माहीत असलेली माणसं इथेच आहेत. ते जमलं नाही तरच बाहेर. बाहेर पडण्याआधी हे तपासा:

- नोटीस पीरियड किती. आपल्याकडे ९० दिवस पुष्कळ ठिकाणी आहेत. नवी कंपनी थांबेल का ते लेखी घ्या.
- नोकरीची सलग ५ वर्षं भरायला थोडेच महिने उरले असतील तर थांबा, ग्रॅच्युइटी हातची जाते.
- पीएफ काढू नका, यूएएनवरून (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) ट्रान्सफर करा. सलग ५ वर्षं व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो. ट्रान्सफर केलात तर जुनी नोकरीही त्या ५ वर्षांत धरली जाते.
- व्हेरिएबल पे, म्हणजे पगाराचा कामगिरीवर ठरणारा भाग, कधी हातात पडतो आणि त्या तारखेला तुम्ही पगारपत्रकावर असायला हवं का.
- ऑफरमधला सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) सोडा, महिन्याला हातात काय येणार ते विचारा.
- रस्ता. कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्याने खराडीची ऑफर घेण्याआधी एकदा सोमवारी सकाळी नऊला तिकडे जाऊन बघावं.

ऑफर दाखवून जुन्या कंपनीकडून पगार वाढवून घेण्याचा खेळ चालतो, पण मला तो आवडत नाही. वरच्या तक्रारींपैकी एकही त्याने सुटत नाही, फक्त त्याच खुर्चीची किंमत वाढते.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

झोप, भूक, धडधड, सतत रडू येणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर वरची एकही पायरी करत बसू नका, डॉक्टरकडे जा. छातीत दुखत असेल तर 'ताण असेल' असं स्वतःच ठरवू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. जगणं नको वाटतंय असे विचार येत असतील तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. लगेच फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा. हे काम मॅनेजरचं, मैत्रिणीचं किंवा माझ्यासारख्या सल्ला देणारीचं नाही.

स्त्रीचा कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होत असेल तर तो 'बॉसशी जमत नाही' या सदरात घालू नका. २०१३च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. तक्रार लेखी, घटनेपासून ३ महिन्यांच्या आत. माणसं कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

पगार अडवला, आजच्या आज राजीनामा लिहून द्या म्हणून खोलीत बसवलं, बाँडच्या नावाखाली कागदपत्रं अडकवली, तर सही करण्याआधी कामगार कायद्याचा वकील गाठा. "मला वाचायला एक दिवस द्या" एवढं म्हणून बाहेर या. वकिलाकडे जाताना अपॉइंटमेंट लेटर, शेवटच्या काही महिन्यांच्या पगाराच्या स्लिप, अप्रेझलची पत्रं आणि बँक स्टेटमेंट न्या. ही तुमची स्वतःची कागदपत्रं आत्ताच डाउनलोड करून घरी ठेवा, कारण असल्या प्रसंगात सर्वांत आधी तुमचं लॉगिन बंद होतं. क्लायंटच्या फाइली आणि ड्रॉइंग मात्र चुकूनही स्वतःच्या मेलवर पाठवू नका. मग वकिलाला तुमची बाजू मांडण्याआधी तेच निस्तरावं लागतं.